परातीतला वड

“काकू, वडाचा दोरा कापला तर नवरा खरंच मरतो का?”

हा प्रश्न माझा होता, पण तो कमलकाकूंनाच विचारायचा ही पैज भक्ती आणि सुकेशनीची. शाळेत मधल्या सुट्टीत नळावर डबे धुताना ठरलं. त्याच आठवड्यात मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले होते, आणि आता मी कुणालाही काहीही विचारू शकते, असं भेटेल त्याला सांगत सुटले होते.

“कुणालाबी?” भक्ती म्हणाली.

“कुणालाबी. हेडसरला सुद्धा.”

“हेडसरचं सोड. कमलकाकूला विचारून दाखव.”

सुकेशनी डबा घासायची थांबली. भक्तीचं बोलणं तिला जरा जास्तच झालं असावं. पण मग तीच म्हणाली, “तसं बी तू सगळ्या पूर्णेला विचारून बसलीस. जिला विचारायला पायजे तिलाच तेवढं न्हाई.”

हे खरं होतं आणि म्हणूनच मला लागलं. पूर्णा गावातल्या आमच्या रेल्वे कॉलनीच्या भिंतीला लागून कमलकाकूंचं घर आहे. त्यांचे मालक दिनकरराव नांदेडला दवाखान्यात होते. त्यांना आयुष्य मिळावं म्हणून काकूंनी वटपौर्णिमेला दोरा बांधला होता, तो माझ्या झाडाला. आणि माझं झाड त्या दोऱ्यानं मरायला टेकलं होतं.

पण आधी झाडांचं सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. एक म्हातारा माणूस वीतभर झाडाच्या फांद्या तारेनं वाकवत बसला होता, आणि ते झाड म्हणे त्याच्या आजोबांच्याही आधीपासून त्यांच्या घरात होतं. मला ते झाड इतकं आवडलं की जेवताना पण मी त्याच्याबद्दलच बोलत होते. मामा म्हणाला, “शिवकन्या, आता तू अंगणातली बाभूळ तेवढी वाटीत लावू नको.” मी खरंच बाभूळ लावून बघितली. मेली.

त्यानंतर चिंच मेली, जास्त पाण्यानं. मग बोर मेलं, कमी पाण्यानं. मग मला कळलं की झाडं विकत आणायची किंवा बी पेरायची गरजच नाही. आमच्या कॉलनीतली क्वार्टरं इतकी जुनी आहेत की प्रत्येक भिंतीच्या भेगेत काहीतरी उगवलेलं असतं. वड, पिंपळ, उंबर. पक्षी खातात आणि भिंतीवर बसतात, बाकीचं आपोआप होतं. भेगेत उपाशी राहून राहून ती झाडं आधीच निम्मी बोन्साय झालेली असतात. खोड अंगठ्याएवढं आणि उंची वीतभर.

पप्पा रेल्वेत पॉइंट्समन आहेत. गाडी कोणत्या रुळावर जायची ते सांधे त्यांच्याकडं असतात. बोलायचं म्हटलं की त्यांना कंटाळा, पण हातानं करायचं काम असेल तर नाही म्हणत नाहीत. रिकाम्या पडलेल्या एका क्वार्टरच्या भिंतीतून वडाचं झाड त्यांनीच छिन्नीनं हळूहळू मोकळं करून दिलं. मुळं भिंतीच्या आकाराची, चपटी, पोळीसारखी निघाली. मी त्याला आईच्या गळक्या जर्मनच्या परातीत लावलं. खाली विटांचा चुरा, वर चाळलेली माती, आणि परातीला भोकं आधीचीच.

सुकेशनीनं तिच्या क्वार्टरच्या भिंतीतला पिंपळ दिला. तिची आजी आधी देत नव्हती. “पिंपळ म्हंजे आमच्या बोधिवृक्षाच्या जातीचा, त्याला वाकवायचं असंल तर न्हाई देणार,” म्हणाली. म्हणून त्याला मी कधीच तार लावली नाही, तो सरळच आहे. शिवाय उंबर, एक बोगनवेल, कुणाच्या तरी तुटक्या कपातलं जेड, आणि एक चाफा, जो अजून ठरवायलाय की जगायचं का नाही. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून मागून आणायचे. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार, बोन्सायला एकदम चांगली. फक्त ती वेळेवर काढावी लागते. उंबराची मी विसरले आणि ती सालीत घुसून बसली. काढली तेव्हा खोडावर सापानं वेढा घातल्यासारखी खूण उरली होती, ती अजून गेलेली नाही. काचणं म्हणजे काय ते मला तेव्हापासून माहिती आहे.

आईला या सगळ्याचा राग होता. झाडाची वाढ खुंटवली की घराची बरकत खुंटते, असं तिचं म्हणणं. ती झाडांना परसात, कपडे धुवायच्या दगडामागं ठेवू द्यायची, त्याच्या पुढं नाही. माझी उंची वाढत नाही याचं खापरही तिनं वडावरच फोडलं. माझी उंची आठवीतच थांबली होती आणि तेव्हा घरात एकही बोन्साय नव्हतं, हे मी तिला दाखवून दिलं. ती म्हणाली, “तोंडाची वाढ मातर खुंटना झालीय तुझ्या.”

मग वटपौर्णिमा आली.

दिनकररावांना तेव्हा नुकतंच दुखायला लागलं होतं. पायावर सूज, चार पावलं चाललं की दम. कमलकाकू दरवर्षी बायकांबरोबर नदीकडच्या वडाला जायच्या. यंदा त्यांना घर सोडून तिकडं जाता येईना. सकाळी त्या आमच्या दारात आल्या, नेसलेल्या, नथ घातलेल्या, हातात ताट.

“राजेश्री, तुझ्या लेकीचा वड देतीस का ग घटकाभर?” त्या आईला म्हणाल्या. “वड तो वड. ल्हान असंल म्हणून काय झालं.”

आईचा चेहरा मी बघत होते. ज्या झाडाला ती सहा महिने नावं ठेवत होती, त्याच्यासाठी शेजारीण ताट घेऊन दारात उभी. आईनं स्वतः परात परसातून उचलून आणली, स्टुलावर ठेवली, भोवती रांगोळी घातली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. काकू फेरे घालताना समोरच्या क्वार्टरमधल्या बाईनं बघितलं. तिला पण नदीपर्यंत जायचा कंटाळा आलेला. तिनं तिच्या जावेला हाक मारली. थोड्या वेळानं आमच्या अंगणात सहा-सात बायका स्टुलाभोवती फिरत होत्या आणि एवढ्याशा जागेत एकमेकींचे पदर एकमेकींच्या पायात येत होते.

“हळू ग, झाड हातात येईल उपटून.”

“तुझाच नवरा तेवढा वढून घेऊ नको, आमच्याला ठिव जागा.”

प्रत्येकीचे सात फेरे, प्रत्येकीचा दोरा. मी बाजूला उभी राहून फोटो काढत होते. इतकी खूश होते की मला सुचलंच नाही. उंबराच्या तारेचा धडा मला पाठ होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या सगळ्यात चांगल्या झाडाला लोक वेढेच्या वेढे घालत होते, आणि मी म्हणत होते, “काकू, इकडं बघा, फोटो.”

त्या दिवसापासून वडाला बढती मिळाली. परसातून तो थेट दारात, तुळशीशेजारी आला. रोज हळदीकुंकू, रोज पाणी, आईच्या हातचं. आणि मला कात्री लावायची बंदी. बोन्सायची नवीन पानं खुडावी लागतात, नाहीतर ती मोठी होतात. मी कात्री घेऊन गेले की आई म्हणायची, “हात लावू नको. आता ते निस्तं झाड न्हाई.”

“मग काय हाय?”

“बायांनी दोरा बांधलाय त्याला.”

तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या झाडावर माया केली होती आणि मला ते झाड तिच्यापासून सोडवून घ्यावंसं वाटत होतं. हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

पावसाळ्यात वड जोरात वाढतो. आषाढ संपता संपता मला दिसलं की दोऱ्याच्या वरचं खोड फुगलंय आणि खालचं तसंच बारीक आहे. मध्ये दोरा, पार आत रुतलेला. खरं सूत असतं तर तोवर पावसात कुजून गळून गेलं असतं. मोठ्या वडाखाली नाही का जुन्या दोऱ्यांची लक्तरं पडलेली असतात, कुणी कापत नाही आणि झाडाला काही होत नाही. पण आईच्या ताटात उरलेला दोरा घेऊन मी काडी लावून बघितली. तो जळला नाही, वितळून त्याची गोळी झाली. बाजारातून सूत म्हणून आणलेला तो दोरा निम्मा प्लास्टिकचा होता. तो कधीच कुजणार नव्हता.

परभणीला जानेवारीत झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. विज्ञानाच्या बाईंनी त्यातल्या शाळकरी मुलांच्या गटात माझं नाव द्यायचं ठरवलं होतं, आणि मी वड नेणार हे अख्ख्या वर्गाला माहिती होतं. आता जानेवारीपर्यंत वड टिकतोय का नाही तेच कळेना. खालची मुळं उपाशी राहायला लागली होती. वरच्या पानांनी बनवलेलं खाणं दोऱ्याखाली उतरतच नव्हतं.

मी आईला म्हणाले, दोरा कापते. आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“दिनकररावांना कालच नांदेडला नेलंय,” ती म्हणाली. “अन् आज तू दोरा कापायलीस? उद्या काई झालं तर त्या बाईला तोंड कोण दाखवणार? तू का मी?”

“पण दोऱ्याचा अन् त्यांचा काय संबंध?”

“न्हाई संबंध. मला बी कळतंय न्हाई ते. पण कापू नको.”

पप्पांना विचारलं. ते म्हणाले, “बायांचं काम हाय ते, मला त्यात घेऊ नका.” विज्ञानाच्या बाईंना विचारलं. त्यांनी अंधश्रद्धेवर बराच वेळ सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, “तरी आईला विचारूनच काप हं.” मारुतीच्या देवळातल्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, “शास्त्रात असं काहीही लिहिलेलं नाही,” आणि जरा थांबून, “पण तू नको कापू.” म्हणजे कुणालाच ते खरं वाटत नव्हतं आणि कुणीच कापायला तयार नव्हतं.

असं सगळं असताना भक्तीनं पैज लावली.

कमलकाकू दोन दिवसांसाठी घरी आल्या होत्या, कपडे न्यायला. मी शाळेतून येताना त्यांचं दार उघडं दिसलं. मला वाटलं, आत्ता नाही गेले तर कधीच जाणार नाही. दप्तर पाठीवर तसंच ठेवून आत गेले. काकू मोरीत दिनकररावांची बनियन पिळत होत्या.

“ये ग शिवे. च्या ठिवू का?”

“नको. काकू, एक विचारू?”

“विचार की.”

मी विचारलं. घाबरल्यामुळं माझा आवाज वक्तृत्व स्पर्धेसारखा झाला, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मोरीत तो फारच मोठा वाटला.

काकूंनी पिळलेली बनियन परत बादलीत टाकली.

“आईनं पाठविलं तुला?”

“न्हाई. आईला कळलं तर ती मला घरात घेणार न्हाई.”

काकू पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, “दोरा कापून नवरा मरत असता ना पोरी, तर निम्म्या पूर्णेच्या बाया कातऱ्या घेऊन नदीकडं पळाल्या असत्या.”

आणि त्या हसायला लागल्या. त्यांचं हसणं बघून मला पण हसू आलं. दोघी हसत होतो, आणि मग त्या पदरानं डोळे पुसत होत्या आणि ते हसण्यामुळं होतं का कशामुळं ते मला कळेना, म्हणून मी हसायची थांबले.

“काप की मग,” त्या म्हणाल्या. “मला कामून विचारायलीस?”

“तुमचा दोरा कोणता ते ओळखू येत न्हाई. सगळे एकसारखेच. न्हाईतर तुमचा ठेवून बाकीच्यांचे कापले असते.”

“वा ग वा. बाकीच्यांचे नवरे रस्त्यावर पडलेत का?”

काकूंनी बादली बाजूला सरकवली.

“दोऱ्याचं काई न्हाई ग. तुला सांगते, दुसऱ्या कुणाला बोलू नको. त्या दिवशी हे हितं बाजेवर पडून जाळीतून बघायले होते. मी दोरा बांधून घरात आले, तर म्हणतात, ‘कमल, येवढुशा झाडाला बांधून आलीस? म्हंजे मला येवढुसंच आयुष्य मागितलंस व्हय?’” काकूंनी पदर कमरेला खोचला. “तवा मी लय हसले. त्यांना च्या करून दिला अन् परत हसले. आता दवाखान्यात बाकड्यावर बसले की तेवढंच आठवतंय मला. दुसरं काई आठवतच न्हाई.”

“गंमत केली की त्यांनी.”

“गंमतच केली. जन्मभर त्या माणसानं गंमतच केली.”

मला एकदम सुचलं आणि मी भरभर सांगायला लागले. काकू, बोन्साय लहान दिसतं पण आयुष्यानं लहान नसतं. चांगलं सांभाळलं तर रानातल्या झाडापेक्षा जास्त जगतं. जपानमध्ये तर शेकडो वर्षांची आहेत. एका घरात चार-चार पिढ्या. मी अगदी व्हिडिओतल्यासारखं सांगितलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. “अन् त्याला पाणी कोण घालतंय?”

“मी. आता आई पण घालते.”

“अन् उन्हाळ्यात तुमी समदे गावाला गेलाव तर?”

“शेजारी सांगून जावं लागतं.”

“अन् शेजारी इसरले तर?”

मी खरं तेच सांगितलं. “मग वाळतं. दोन-तीन दिवसांत.”

“मग आमचं काय येगळं चाललंय,” काकू म्हणाल्या. “गोळी चुकली की संपलं. माणूस बसूनच राहायला पायजे उशाशी.” त्या उठल्या आणि बनियन परत पिळायला लागल्या. “जा बाई. तुझं झाड हाय. तुला पटंल ते कर, मी काई म्हणणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी भक्तीनं गेटपाशीच पकडलं. “इचारलंस?”

“विचारलं.”

“काय म्हणाली?”

येताना मी ठरवलं होतं की कातऱ्या घेऊन नदीकडं पळाल्या असत्या हे वाक्य काकूंच्या आवाजात करून दाखवायचं. पण तोंड उघडलं तर ते निघालं नाही. “हसल्या,” एवढंच म्हणाले. भक्तीला वाटलं मी गेलेच नाही. सुकेशनीनं माझ्याकडं बघितलं आणि भक्तीला म्हणाली, “गेली होती ती. चल, बेल झाली.”

काकूंनी हो म्हटलं होतं. निदान नाही तरी म्हटलं नव्हतं. मी कात्री घेऊन वडापाशी बसायचे आणि उठायचे. मला वाटायचं, काकू सरळ “काप” म्हणाल्या असत्या तर किती बरं झालं असतं. किंवा “कापू नको” म्हणाल्या असत्या तरी. आता तो नुसता काकूंचा दोरा राहिला नव्हता, त्यात दिनकररावांची गंमत पण अडकली होती. आणि दोऱ्याचं मी काहीही केलं तरी झाड एवढंसंच राहणार होतं. ते एवढंसं ठेवणं हेच तर माझं काम होतं. मला त्याचा अभिमान होता. पहिल्यांदा मला वाटलं, हे झाड मी न बघता, मी इथं नसताना, नुसतं पावसावर जगलेलं कसं दिसेल. बांधावर. खाली गुरं बसलेली. मी मेल्यावर पण.

असा विचार करत बसले असताना मला दोऱ्याच्या वरच्या फुगवट्यावर पांढरे ठिपके दिसले. आधी वाटलं बुरशी. नखानं खरवडणार होते, पण जवळून बघितलं तर ते टोकदार होते. बुरशी टोकदार नसते. ती मुळं होती. खाली काही पोचत नाही म्हटल्यावर वडानं तिथूनच, खोडाच्या मध्येच, नवी मुळं काढायला सुरुवात केली होती. पारंब्या काढायची सवय असतेच त्याला.

मी किती वेळ तशीच उकिडवी बसून होते कोण जाणे. पायाला मुंग्या आल्या तेव्हा उठले. मग मोबाईलवर शोधलं, आणि जे आम्ही डाळिंबाला करतो तेच निघालं. गुटी कलम. ताडकळसला माझे आजोबा मुंजाजी डाळिंबाच्या फांदीची साल काढून, ओली माती लावून, प्लास्टिकनं बांधून ठेवायचे आणि मुळं आली की खालून कापायचे, एकाची दोन झाडं. इथं साल काढायचं काम दोऱ्यानं आधीच केलं होतं.

मग मी एक-दोन कामं केली, ती घरी कुणाला न सांगता. शाळेत विज्ञानाच्या बाईंना भेटले. आणि काकू पुढच्या खेपेला घरी येऊन नांदेडला परत निघाल्या त्या दिवशी स्टेशनवर जाऊन त्यांना गाठलं. पॅसेंजर उशिरा होती, त्यामुळं बोलायला वेळ मिळाला. काकू बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या ताडकळसच्या शेताबद्दल विचारलं, तर त्या पिशवीचे बंद बांधत राहिल्या. गाडी आल्यावर चढल्या, आणि खिडकीतून म्हणाल्या, “विहिरीच्या अंगाला नको. मुळं आत शिरतील. वरच्या बांधाला लाव.”

त्या संध्याकाळी पप्पांची ड्युटी लवकर सुटली होती. आम्ही तिघं जेवायला बसलो. आईनं पिठलं केलं होतं. मी म्हणाले, “मला एक सांगायचंय. आधी सगळं ऐकून घ्या, मग बोला.”

“झालं,” आई म्हणाली. “हिला स्पर्धेत नंबर आला तवापासून हे असंच हाय.”

“मी दोरा कापणार न्हाई.”

आईनं माझ्या ताटात आणखी पिठलं वाढलं. तिला एवढंच ऐकायचं होतं.

“दोऱ्याच्या वर मुळं फुटायलेत. तिथं काथ्या अन् माती बांधायची, गुटीसारखी. मुळं धरली की वरचं झाड येगळं कापून घ्यायचं.”

“म्हंजे दोरा कापायचा न्हाई म्हणून झाडच कापायलीस?”

“आई, मी म्हणाले ना सगळं ऐकून घे.”

पप्पा भाकरी मोडायचे थांबले होते. “डाळिंबाला बांधतात तसंच ना? हुईल. वडाला तर लवकर हुईल.”

“खालचं खोडकं परातीतच राहील, दोऱ्यासकट. त्याला फुटवा येईल. दिसायला वंगाळ दिसंल, दोन-तीन वर्षं तरी. दिसू दे. ते माझ्याजवळ राहील. अन् वरचं झाड, फांद्या बसवलेलं, ते ताडकळसला कमलकाकूंच्या शेतात लावायचं. वरच्या बांधाला. त्याला तार न्हाई, कात्री न्हाई. वाढंल तेवढं वाढू द्यायचं.”

“अन् तुझं परभणीचं?” आईनं विचारलं. आई त्या प्रदर्शनाबद्दल कधीच काही बोलली नव्हती. ती दिवस मोजत होती हे मला तेव्हा कळलं.

“बाईंना नाव काढायला सांगून आले. यंदा न्हाई.”

“निस्तं उंबर तरी न्यायचं.”

“उंबराला तारेचा व्रण हाय. पुढं बघू.”

आईनं पिठल्याचं भांडं झाकलं. मग तिनं विचारायचं तेच विचारलं, पण हळू. “शिवे, अन् तोवर दिनकररावांचं काई कमी-जास्त झालं तर?”

“झालं तरी लावायचं,” मी म्हणाले. “मी काकूंना स्टेशनवर असंच विचारलं, आई, काई झालं तरी लावायचं का म्हणून. तेच शब्द. झाड दिनकररावांसाठी न्हाई, काकूंसाठी लावायलाव. काकूंनी बांध सांगितलाय.”

पप्पांनी आईकडं बघितलं. आईनं त्यांच्याकडं बघितलं नाही, ती माझ्याकडंच बघत होती.

“रविवारी पप्पांना सुट्टी हाय,” मी म्हणाले. “काथ्या अन् प्लास्टिक मी आणून ठिवलंय. रविवारी सकाळी बांधायचं, आई, अन् तू परात धरायची.”